कायदा गेला, हजेरी राहिली

नीरेहून बारामतीला जाताना वडगाव निंबाळकर लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, सोमेश्वर कारखान्याचा ऊस आणि उसाच्या पट्ट्यात गावापासून लांब विखुरलेल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या असा हा मुलूख आहे. वस्तीवर रात्री दार फोडले गेले, कानातले-गळ्यातले ओरबाडून नेले, म्हातारी माणसे जखमी झाली, की पहाटे फिर्याद नोंदवली जाते. पुढे काय होते हे बारामती, इंदापूर, दौंड, फलटण, करमाळा या सगळ्या तालुक्यांतल्या माणसांना पाठ आहे. पायांचे ठसे, बोटांचे ठसे, साक्षीदार यांचे जे व्हायचे ते होते, पण पोलिसांची गाडी आधी गायरानाकडे, पारध्यांच्या पालांकडे वळते. हा शिरस्ता कुठल्या एका ठाण्याचा किंवा एका अधिकाऱ्याचा नाही. माणसे बदलतात, बदल्या होतात, आणि गाडी त्याच वाटेने जाते. पोलिसी कामातला वंशभेद म्हटले की आपल्याला अमेरिकेतला गोरा शिपाई आणि काळा तरुण आठवतो. मे 2020 मध्ये मिनियापोलिसच्या रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा मराठी घरांतही हळहळ व्यक्त झाली. ती खरीच होती. पण जन्मावरून संशय घेण्याची जी रीत तिथे निषेधाचा विषय झाली, ती आपल्याकडे कायद्याने घडवली गेली, कायदा रद्द झाल्यावरही दप्तरात टिकली आणि आजही चालू आहे. ती मोडायची तर पोलिसांच्या मनापेक्षा आधी त्यांच्या नोंदवहीला हात घालावा लागेल, असे माझे म्हणणे आहे.

ही रीत सुरू कुठे झाली ते नेमके सांगता येते. 1871 मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, 1911 च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळीकडे पोहोचला आणि 1924 मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. त्यामागचा विचार असा, की या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा गुन्हाही वंशपरंपरेनेच चालत असणार. सरकारने एखाद्या जमातीचे नाव अधिसूचनेत घातले की त्या जमातीतल्या माणसांची नोंदणी करता येई, बोटांचे ठसे घेता येत, ठरल्या वेळी हजेरी द्यायला लावता येई आणि परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी घालता येई. पुन्हा शिक्षा झाली तर ती इतरांपेक्षा जास्त. नोंदलेला माणूस संशयास्पद स्थितीत आढळला एवढ्यावरही तुरुंगवास होता. चोरी कोणी केली हे शोधायच्या आधी चोर कोण हे ठरलेले असे. स्वातंत्र्याच्या वेळी अशा सव्वाशेच्या वर जमाती यादीत होत्या.

आपल्या भागात या कायद्याने काय उलटेपालटे केले ते रामोशी समाजाच्या इतिहासात दिसते. पुणे प्रांतात गावची राखण करणे, रात्रीचा पहारा देणे, चोरी झाली तर माग काढून देणे ही रामोशांची वतनी कामे होती. कंपनी सरकारने किल्ल्यांवरच्या आणि गावच्या त्यांच्या नेमणुका काढून घेतल्या. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीच्या उमाजी नाईकांनी बंड केले, आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली गेली. राखण करणारा समाज सरकारी कागदात गुन्हेगार झाला तो असा, राज्यकर्त्यांच्या सोयीने. फासेपारध्यांची वाट वेगळी होती पण मुक्काम तोच. फासे लावून तितर, ससे, हरणे धरणे हा त्यांचा धंदा. जंगल कायद्यांनी रान बंद केले, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हाच गुन्हा ठरला, आणि त्या बदल्यात जमीन किंवा काम देण्याची जबाबदारी मात्र कुणी घेतली नाही. जगण्याचे साधन काढून घेऊन मग जगण्यावर पाळत ठेवली गेली.

हे वेगळ्या पद्धतीने करता आले असते, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत सेटलमेंट उभी राहिली, कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तिथे कोंडली गेली, गिरण्यांना मजूर मिळाले आणि दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरीची रांग लागत राहिली. त्याच काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी घरे दिली, पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, आपल्या संरक्षणाचे काम त्यांच्यावर सोपवले. जे ब्रिटिश मुलखात अशक्य मानले जात होते ते पंचगंगेकाठी घडत होते. म्हणजे संशयावाचून राज्य चालत नाही हा दावा त्या वेळीही खोटा होता.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमातींना विमुक्त म्हटले जाऊ लागले आणि तो दिवस त्या समाजांत विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण रिकाम्या झालेल्या जागी लगेच दुसरा कायदा बसला. राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. आपल्याकडे मुंबई सराईत गुन्हेगार कायदा 1959 चा. त्यात कुठल्या जमातीचे नाव नाही. वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीची नोंदणी, तिचे ठसे, तिने राहण्याची जागा कळवणे अशा तरतुदी आहेत. कागदावर तो सगळ्यांना सारखा आहे. अडचण अशी, की ज्यांची नोंद पिढ्यानपिढ्या आधीच झालेली होती त्यांच्यावरच पाळत चालू राहिली, पाळतीतून अटका झाल्या, अटकांतून रेकॉर्ड तयार झाले आणि ते रेकॉर्ड पुढच्या अटकेचे कारण झाले. शिवाय पोलीस ठाण्यातल्या हिस्ट्री शीटला, म्हणजे पाळतीखालच्या माणसाच्या नोंदफाइलीला, शिक्षा झालेली असण्याचीही गरज लागत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडलेल्या माणसाला धरायला पुरते. ज्याचे घरच रस्त्याकडेचे पाल आहे, त्याने सूर्यास्तानंतर कुठे असावे, याचे उत्तर त्या कलमात नाही.

बारामतीचे नाव या इतिहासात एका मृत्यूमुळे कायमचे नोंदले गेले आहे. जून 1998 मध्ये पिन्या हरी काळे हा पारधी समाजातला मजूर बारामती पोलिसांच्या कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेडिया सबर तरुण कोठडीतल्या मारहाणीनंतर मेला होता. पोलीस म्हणाले आत्महत्या. महाश्वेता देवी आणि सबर समाजाची संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयाने भरपाईचा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासाचा आदेश दिला. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त आणि भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला तो याच वर्षी. दिलीप डिसूझा यांच्या 2001 च्या पुस्तकात काळेच्या मृत्यूची कहाणी आहे. दोन टोकांची दोन राज्ये, दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळे पोलीस दल, आणि दोन्हीकडे मेलेला माणूस 1952 मध्ये मुक्त झालेल्या यादीतला. त्याला योगायोग म्हणणे जड जाते.

हे दप्तर प्रत्यक्षात चालते कसे, ते पाहायला हवे. गुन्हा घडला की वरून विचारणा होते ती डिटेक्शनची, म्हणजे किती गुन्हे उघडकीस आले याची. एका ठाण्याखाली पंचवीस-तीस गावे, माणसे अपुरी, बंदोबस्त रोजचा. शास्त्रीय तपासाला वेळ लागतो, पाल मात्र जागेवरच असते. पहाटे चार-साडेचारला गाडी येते. पुरुष सापडला तर तो, नाही तर त्याचा भाऊ किंवा बायको ठाण्यात नेली जाते, म्हणजे तो आपणहून हजर होईल. मग झडती. बाईच्या अंगावरचे डोरले, पेटीतली चांदी, दारातली दुचाकी यांची पावती मागितली जाते. पारध्यांची बचत सोन्या-चांदीत असते, कारण पाल उठवले तरी ती कमरेला बांधून नेता येते, आणि बँकेत खाते काढायला लागणारा पत्त्याचा पुरावा पालाला नसतो. आठवडा बाजारात घेतलेल्या दागिन्याची पावती नसते. पावती नाही म्हणून तो दागिना मुद्देमाल होतो, मुद्देमाल निघाला म्हणून माणूस आरोपी होतो. एकदा कबुली आणि पंचनामा जमला की आसपासचे न उलगडलेले आणखी काही गुन्हे त्याच नावावर चढतात. जामिनाला सातबारावाला जामीनदार हवा, तो गायरानातल्या माणसाला मिळत नाही. तो आत राहतो, पुढे पुराव्याअभावी सुटतो, पण फाइलमध्ये गुन्ह्यांची संख्या वाढलेली असते. पुढच्या घरफोडीला तीच संख्या त्याच्याविरुद्ध बोलते.

हे अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी नाशिकचा खटला पाहावा. जून 2003 मध्ये नाशिकजवळच्या बेलतगव्हाण शिवारात एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. अतिशय क्रूर गुन्हा. वाचलेल्या स्त्रीला पोलिसांनी रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचा अल्बम दाखवला, आणि तिने त्यातले चार फोटो ओळखले. त्या चौघांचा तपास पुढे नेला गेला नाही. पकडले गेले ते दुसरेच सहा जण, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. अल्बममधून ओळखलेल्या चौघांना सोडून या सहा जणांना गोवल्याबद्दल न्यायालयाने तपास यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. आरोपी गरीब भटके मजूर असल्याने त्यांना खोटे गुंतवले जाण्याची शक्यता न्यायालयाने नोंदवली. त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ज्यांचे फोटो पीडितेने बोटाने दाखवले होते, ते मोकळे राहिले. संशयाची जुनी यादी वापरली की गुन्हा उलगडत नाही, फक्त फाइल बंद होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. पारधी टोळ्यांनी दरोडे घातल्याच्या घटना घडल्या आहेत, काहींना न्यायालयात रीतसर पुराव्यावर शिक्षाही झाल्या आहेत. पोलीस म्हणतात, आमचा अनुभव आहे, तो आम्ही फेकून द्यायचा का? अनुभवाला किंमत आहे. पण हा अनुभव मोजलेला नाही. दहा पालांची झडती घेतली आणि एका ठिकाणी काही सापडले तर ते एक लक्षात राहते, उरलेली नऊ कुठेही नोंदली जात नाहीत. दुसऱ्या समाजाच्या दहा घरांची तशी झडती घेतलीच जात नाही, त्यामुळे तिथे काय सापडले असते हे कुणाला कळत नाही. मोजदाद झाली की काय होते ते न्यूयॉर्कमध्ये दिसले. तिथल्या पोलिसांनी 2011 या एका वर्षात सुमारे 6 लाख 85 हजार वेळा लोकांना रस्त्यात थांबवले, त्यातल्या अनेकांच्या झडत्या घेतल्या. बहुतेक जण काळे किंवा लॅटिनो होते, आणि शंभरातल्या जवळपास 88 जणांवर ना अटक झाली ना दंड. हा हिशेब उपलब्ध होता म्हणूनच 2013 मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाविरोधी ठरवली. थांबवण्याचे प्रकार पुढच्या चार वर्षांत अकरा-बारा हजारांवर आले. शहर गुन्हेगारीत बुडेल असे भाकीत केले गेले होते. 2011 मध्ये तिथे 515 खून झाले होते, 2017 मध्ये 292 झाले. झडत्या कमी केल्यामुळे खून घटले असे कोणी म्हणू नये, पण झडत्या कमी केल्यामुळे ते वाढले नाहीत एवढे नक्की. आपल्याकडे असा हिशेब ठेवलाच जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग असे रकाने आहेत, विमुक्त आणि भटक्यांचा स्वतंत्र रकाना नाही. ज्याची मोजणी नाही त्याबद्दल अन्याय सिद्ध करणे फार अवघड, आणि न मोजणाऱ्याला ते सोयीचेही.

दुसरा आक्षेप दिल्लीतून येतो. जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा हा वंशभेदाचा प्रश्नच नाही, अशी भारत सरकारची भूमिका 2001 च्या डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत होती आणि नंतरही राहिली आहे. शास्त्रापुरते बोलायचे तर पारधी हा वेगळा वंश नाही हे बरोबर आहे. पण वंशभेद निर्मूलनाचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारला, त्यात जन्मकुळावरून होणारा भेदही येतो. त्या कराराच्या देखरेख समितीने 2007 मध्ये भारताला सराईत गुन्हेगार कायदा रद्द करून विमुक्त जमातींचे पुनर्वसन करायला सांगितले. आपल्याच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तशी शिफारस त्याही आधी, 2000 मध्ये केली होती. 1871 चा कायदा करणारे तर गुन्हा रक्तातून येतो असेच मानत होते. ज्या समजुतीने माणसाला जन्मतः गुन्हेगार ठरवले, तिला काय नाव द्यायचे यावर वाद घालत बसण्यात पालात राहणाऱ्याचे काही भले नाही.

पोलिसांची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण सगळा दोष शिपायाच्या डोक्यात आहे असे मानले तर उपाय चुकतो. कॉमन कॉज आणि लोकनीती यांनी 2019 मध्ये देशभरातल्या सुमारे 12 हजार पोलिसांची पाहणी केली, तेव्हा साधारण निम्म्या पोलिसांना मुस्लिम समाज स्वभावतःच गुन्ह्याकडे काही ना काही प्रमाणात वळतो असे वाटत असल्याचे आढळले. म्हणजे जन्मावरून संशय हा विमुक्तांपुरता मर्यादित नाही. त्याच पाहणीत कामाचे लांबलेले तास, अपुरी साधने, तपासात येणारा राजकीय दबाव हेही होते. ज्याला बारा-चौदा तास ड्युटी आहे, फॉरेन्सिक अहवालाला महिनोन्महिने लागतात, वरिष्ठ आठवड्याला आकडा मागतात, तो सोपी वाट धरणार. इंग्लंडमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या खुनानंतर 1999 मध्ये मॅकफर्सन चौकशीने नेमका हाच निष्कर्ष काढला होता, की दोष दोन-चार वाईट माणसांत नसून संस्थेच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्यानंतर चोवीस वर्षांनी, 2023 मध्ये, लुईझ केसी यांच्या अहवालाला लंडनच्या पोलिसांत तोच दोष पुन्हा सापडला. एका अहवालाने संस्था सुधारत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना मिळून 11 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही ते लागू आहे, आणि त्या समाजातले तरुण वर्दीत आले ही चांगलीच गोष्ट. पण डिटेक्शनचा आकडा हाच मापदंड राहिला तर तेही तीच वाट धरतील.

संरक्षणाचे कायदे आहेत, पण ते विचित्र तऱ्हेने वाटले गेले आहेत. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत येतो, पाल-पारधी आणि राज-पारधी विमुक्त जातींच्या यादीत. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर खोटा खटला घालणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तो आधार फासेपारध्याला मिळतो, शेजारच्या पालातल्या पाल-पारध्याला मिळत नाही. वडाराला मिळत नाही. कैकाड्याला विदर्भात मिळतो, बारामतीत मिळत नाही. ठाण्यात मात्र हा भेद कोणी विचारत नाही. मार पडताना सगळे एक, दाद मागताना यादी वेगळी. त्यातच ज्याच्याकडे जातीचा दाखलाच नाही, कारण बापाच्या शाळेची नोंद नाही आणि 1961 च्या आधीचा रहिवासाचा कागद नाही, त्याची तक्रार उंबऱ्यावरच अडते. शिक्षण द्या, घरे द्या, मग सगळे आपोआप सुधारेल असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की घरकुलाला कागद लागतो, नोकरीला पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, आणि ज्याच्यावर संशयाने गुन्हा नोंदला आहे त्याला तो मिळत नाही. विकास आणि न्याय एकामागून एक येणार नाहीत. गिरीश प्रभुणे यांनी यमगरवाडी आणि चिंचवडला पारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, ते काम मोठे आहे, पण शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या पालावरही पहाटे गाडी येऊ शकते.

समतेसाठीचा रेटा गेल्या पंचवीस वर्षांत वाढला हे खरे. त्याआधीच लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने आणि सीमाभागातल्या भीमराव गस्तींच्या 'बेरड'ने मराठी वाचकाला हा संशय आतून दाखवला होता. त्यानंतर सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 मध्ये, आणि दापोलीच्या भिकू इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दशकभराने देशाला सविस्तर अहवाल दिले. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले, आणि तरी शिफारशींची अंमलबजावणी करण्यात महाराष्ट्र पुढे आहे असे म्हणता येत नाही. मोठे पाऊल न्यायालयाने टाकले. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात सांगितले, की मागास समाजात जन्मला एवढ्या कारणावर कुणाचे हिस्ट्री शीट उघडता येणार नाही, आणि हे सगळ्या राज्यांनी तपासावे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना त्याच न्यायालयाने तुरुंगातली जातवार कामाची विभागणी रद्द केली, सराईत गुन्हेगार ठरवण्याची पद्धत विमुक्तांविरुद्ध वापरली गेल्याचे स्पष्ट नोंदवले, असे कायदे हवेत का याचा राज्यांनी विचार करावा असे म्हटले, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही हे पाहण्याचा पोलिसांना आदेश दिला. दोन महिन्यांनी परभणीत वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मरण पावला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै 2025 मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ते हरले. आदेश आणि ठाणे यांत किती अंतर आहे, ते या एका घटनेने दाखवले.

उरतो तो गावकऱ्यांचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत कठीण वाटतो. उसाच्या पट्ट्यात एकट्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची भीती खरी आहे. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात, त्यामागे चोर आहेत अशी अफवा पसरली, आणि गावेच्या गावे जागली. अशा रात्री अनोळखी चेहऱ्याचे काय होते हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले आहे. मुले पळवणारे समजून जमावाने मंगळवेढ्याच्या बाजूचे पाच नाथपंथी डवरी गोसावी ठेचून मारले. पोलिसांच्या दप्तरातला संशय आणि गावाच्या मनातला संशय एकमेकांना पोसतात. म्हणून वस्तीवरच्या शेतकऱ्याला सुरक्षितता आणि पारध्याला न्याय हे परस्परविरोधी मानण्यात दोघांचे नुकसान आहे. शेतकऱ्याला खरा चोर सापडायला हवा असतो. बेलतगव्हाणच्या त्या कुटुंबाला तो मिळाला नाही, कारण सोपे आरोपी हाताशी होते.

मागण्या अवघड नाहीत. 1959 चा सराईत गुन्हेगार कायदा विधिमंडळाने रद्द करावा. प्रत्येक ठाण्यातल्या हिस्ट्री शीटची दरवर्षी ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडून तपासणी व्हावी, शिक्षा नसलेली आणि जुनी झालेली शीट बंद करून तसे त्या माणसाला लेखी कळवावे. कोणत्या समाजातल्या किती जणांना चौकशीला आणले आणि कितींवर आरोप टिकला याचा आकडा जिल्ह्याने दर सहा महिन्यांनी जाहीर करावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये ठाण्यांत सक्तीचे केलेले सीसीटीव्ही चालू आहेत की बंद, आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणाचा पत्ता कोणता, हे वडगाव निंबाळकरपासून इंदापूरपर्यंतच्या प्रत्येक ठाण्याच्या दारावर मराठीत लिहिलेले असावे. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांनी राज्याला मुख्यमंत्री आणि मंत्री दिले आहेत. इथल्या मतदाराचा शब्द मुंबईत ऐकला जातो. पुढच्या निवडणुकीत पाणी आणि उसाचा दर विचारताना, त्या कायद्याचे काय केलेत, हेही त्याने विचारावे.